कोल्हापूरचं पुराभिलेखागार: पणजीचं नाव जिथं सापडलं

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीतल्या आमच्या घरात कमरेएवढं आलं. माणसं वर गेली, धान्य वर नेलं, गॅसची टाकी वर नेली. वडिलांची पत्र्याची ट्रंक मात्र कॉटखालीच राहिली. तिच्यात गावाकडच्या जमिनीचे कागद होते. पाणी ओसरल्यावर मी ते गच्चीवर उन्हात पसरले आणि चिकटलेली पानं ओली असतानाच सोडवायला बसले. दोन्ही चुकलं. ओला कागद सावलीत, वारं लागेल असा ठेवायचा, मधे टीपकागद घालायचा आणि पान आपणहून सुटेपर्यंत हात लावायचा नाही. हे मला कळलं तेव्हा हातात लगदा उरला होता.

त्या कागदांबद्दल घरात एकच वाक्य चालत आलं होतं: "पणजोबांना जमीन शाहू महाराजांनी दिली." कधी दिली, कशी दिली, किती दिली, कुणाला सांगता येत नव्हतं. वडील गेले तेव्हाही त्यांना त्या ट्रंकेचीच हळहळ होती. मी नोकरीतून निवृत्त झाले आणि ठरवलं, हे वाक्य कागदावर बघायचं.

आधी एका कचेरीत तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला तिथल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "इतकं जुनं आमच्याकडं नसतंय बाई." कुठं असतंय, तेवढं एक वाक्य त्यानं सांगितलं असतं तर माझं अर्धं वर्ष वाचलं असतं. ते मला नंतर मोडी लिपीच्या वर्गातल्या एका मुलानं सांगितलं. म्हणून इथं सगळं सविस्तर लिहिते. कोल्हापुरात कितीतरी घरांत असं एकेक वाक्य पडून आहे.

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. संस्थानाचं दप्तर मात्र शहरातच राहिलं. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचं मुख्य कार्यालय मुंबईला आहे, पण आपलं दप्तर बघायला मुंबई गाठावी लागत नाही. कोल्हापुरात त्यांचं स्वतंत्र पुराभिलेखागार आहे. हुजुरांचे हुकूम, चिटणिशीतला पत्रव्यवहार, महसुलाचे कागद अशी ही संस्थानाची ठेव आहे. कागद फायलींत नसून रुमालांत असतात. चौकोनी कापडात बांधलेला गठ्ठा म्हणजे रुमाल. पहिला रुमाल माझ्यासमोर सोडला तेव्हा टेबलावर बारीक वाळू सांडली. पूर्वी ओली शाई सुकवायला वर वाळू टाकत. कुणीतरी लिहून झाल्यावर टाकलेली ती वाळू शंभर वर्षं घडीत बसून होती. मी ती झटकली नाही. तिथल्या मामांनीही झटकली नाही, हलक्या हातानं कागदाखालीच राहू दिली. एवढ्यावरून मला त्या जागेविषयी विश्वास वाटला.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे दप्तर आडनावावरून सापडत नाही. मी आमचं आडनाव घेऊन गेले होते आणि पहिले सहा दिवस त्यातच गेले. त्या काळच्या कागदात माणसाची ओळख गाव, वतन आणि बापाचं नाव यांवरून असते. अमका बिन तमका, म्हणजे तमक्याचा मुलगा अमका. बाई असेल तर अमकी कोम तमका, म्हणजे तमक्याची बायको. आडनाव बहुतेक ठिकाणी येतच नाही. म्हणून जाताना गावाचं नाव, पेठा किंवा तालुका, अंदाजे साल आणि घराण्याकडं काय काम होतं, एवढं लिहून न्या.

गाव नुसतं ठाऊक असून भागत नाही. ते खालशातलं, म्हणजे थेट संस्थानाच्या कारभारातलं, की जहागिरीतलं, हेही हवं. विशाळगड, बावडा, कापशी, कागल, इचलकरंजी अशा नऊ जहागिरी कोल्हापूरच्या छत्राखाली होत्या आणि त्यांचा कारभार आपापला चाले. शिवाय आजचा जिल्हा म्हणजे जुनं संस्थान नव्हे. चंदगड १९५६ पर्यंत बेळगावकडं होतं आणि रायबाग संस्थानात असूनही आता कर्नाटकात आहे. चंदगडच्या माणसानं कोल्हापूरच्या दप्तरात आजोबा शोधले तर हाती काही लागणार नाही, आणि त्यात दप्तराचा दोष नाही.

सालाचंही तसंच. महसुली कागदावर फसली सन असतो. मला पहिल्यांदा १३२८ असा आकडा दिसला तेव्हा वाटलं मीच चुकीचं वाचतेय. त्यात ५९० मिळवायचे, १९१८ येतं. वर्ष जूनच्या सुमाराला, पेरणीच्या तोंडावर पालटतं, म्हणून पुढचे काही महिने १९१९ मध्ये पडतात. त्याहून जुन्या कागदांत शुहूर सन भेटतो आणि तो आकड्यात नसून अरबी शब्दांत असतो. सलास अशरीन मयातैन व अलफ म्हणजे तीन, वीस, दोनशे आणि हजार, म्हणजे १२२३. त्यात ५९९ मिळवले की १८२२. हे शब्द मी पाढ्यांसारखे पाठ केले. चौतीस वर्षं मुलांकडून पाढे म्हणून घेतले होते, त्याचा उपयोग झाला.

आता आमच्या कागदाकडं येते. आम्ही महार. गावात आमच्याकडं महारकीचं वतन होतं. सरकारी टपाल पोचवायचं, चावडीवर हजर राहायचं, साहेबाचं सामान वाहायचं, आणि त्याबदल्यात साऱ्या भावकीत मिळून जमिनीचा तुकडा. जमीन म्हणावी तर एकट्याची नाही आणि काम म्हणावं तर कधी सुटत नाही. शाहू महाराजांनी १९१८ साली संस्थानात हे वतन मोडलं आणि जमिनी ज्याच्या त्याच्या नावावर रयताव्यानं लावायचा हुकूम केला. म्हणजे शेतसारा भरायचा आणि स्वतःची जमीन कसायची, वेठ नाही. उरलेल्या मुलखात यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात बिल आणलं, आणि खालची गाववतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५९ उजाडलं. आमच्या गावात ते चाळीस वर्षं आधी झालं होतं. घरातलं वाक्य त्या अर्थानं खरं होतं.

अर्धंच खरं, हे नवव्या दिवशी कळलं.

जमिनी नावावर लावायच्या यादीत पणजोबांचं नाव सापडलं, त्यांच्या बापाचं नावही. ते आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, एका ‘बिन’नं आख्खी पिढी हाती दिली. त्याच रुमालात चार-पाच कागद पुढं एक अर्ज होता. मला तेव्हा मोडी जेमतेम येत होतं, म्हणून नक्कल घेऊन बाहेर एका वाचणाऱ्याकडं गेले. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी वाचणाऱ्यांना मोठी मागणी आली आहे. ती चांगलीच गोष्ट, पण घाईही तेवढीच वाढली. त्या गृहस्थांनी पानाला तीनशे रुपये घेतले आणि अर्जात दोन भावांची नावं आहेत असं लिहून दिलं. महिनाभर मी वंशावळीत पणजोबांना एक भाऊ जोडून बसले होते.

मोडीत शब्दांमधे जागा सोडत नाहीत. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं, बोरू शक्यतो न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत. त्यामुळं दोन नावांमधला ‘कोम’ पहिल्या नावाच्या शेपटीत विरघळला होता. मोडीचा वर्ग पुरा करून मी तोच कागद पुन्हा काढला तेव्हा तो मला दिसला. ते दोन भाऊ नव्हते. अर्ज माझ्या पणजीचा होता.

नवरा मानमोडीत गेला, पोर लहान आहे, वतन मोडून जी जमीन नावावर व्हायची ती माझ्या नावे चालवावी, असं तिनं लेखनिकाकडून लिहून घेतलं होतं. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. पणजोबांचं नाव यादीत चढलं, पण जमीन हातात यायच्या आत ते गेले होते. भावकीतल्या दोघांनी हरकत घेतली होती, तीही त्याच कागदाला जोडलेली आहे. खाली हुकूम आहे, जमीन हिच्या नावे चालवावी. शाई काजळीची, अजून काळीभोर. माझ्या वडिलांचे सत्तर सालचे बॉलपेननं लिहिलेले कागद त्याच्यापुढं फिके पडलेत.

मी तिथंच खुर्चीवर बसून राहिले. मामांनी पाण्याचा ग्लास आणून टेबलापासून लांब, खिडकीत ठेवला आणि म्हणाले, "बाई, आधी पाणी प्या. कागद कुठं जात नाही." रुमाल पुन्हा बांधायची घाई त्यांनी केली नाही.

सेवा म्हणून सांगायचं तर मला तिथं सन्मानानं वागवलं. मी विद्यापीठाची संशोधक नाही, माझ्यामागं मार्गदर्शक नाही, हातात कापडी पिशवी घेऊन आलेली निवृत्त मास्तरीण. अर्जात कशासाठी बघायचंय ते साधं लिहिलं, ओळखपत्र दिलं, आणि बसायला जागा मिळाली. ज्यांच्या पणज्यांनी चावडीच्या बाहेर उभं राहून अर्ज दिले त्यांच्या पणत्यांना आत खुर्ची मिळते, ही मला लहान गोष्ट वाटत नाही. जाताना शिसपेन्सिल न्या, पेन नको. हात धुऊन, कोरडे करून बसा. धुळीनं खोकला येत असेल तर तोंडाला रुमाल बांधा. फोटो आणि नक्कल यांचं आधी विचारून घ्या. आणि वेळ घेऊन जा. एका दुपारीत काही होत नाही. मला सगळे मिळून अकरा दिवस लागले, तेही दोन हंगामांत विभागून.

मोडी शिकल्याशिवाय जाऊच नये असं मी म्हणणार नाही, पण निदान ‘बिन’, ‘कोम’, ‘मौजे’ (म्हणजे गाव) आणि आकडे एवढं ओळखता आलं पाहिजे. संचालनालयाचे मोडीचे वर्ग निघतात, तिकडं लक्ष ठेवा. साठीत शिकता येतं. मी आणि दहावी झालेली एक मुलगी शेजारी बसून बाराखडी गिरवत होतो.

मोडी अजिबात नको असेल तर छापील मजकुरापासून सुरुवात करता येते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं, त्याच्या जुन्या पुस्तकांचा उपयोग झाला. तिथं बसून मी आधी वतनांचा प्रश्न समजून घेतला, नाहीतर रयतावा या शब्दावरच अडले असते. मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीत पन्नास टक्के जागा राखायचा शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात छापला होता. ते गॅझेट म्हणजे त्या काळचा कारभार देवनागरीत वाचायची सोय. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात हस्तलिखितंही आहेत, पण तिथं मी एकदाच गेले, त्यामुळं जास्त बोलत नाही. टाऊन हॉलमधलं संग्रहालय सुंदर आहे, ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू बघाव्यात अशाच, पण तुमच्या घराण्याचा शोध तिथं लागायचा नाही. आणि १८४४ नंतर इथं इंग्रजांचा पोलिटिकल एजंट बसला, त्याचा मुंबई सरकारशी झालेला इंग्रजी पत्रव्यवहार हवा असेल तर मुंबईचं दप्तर गाठायला लागेल.

नक्कल घेऊन गावी गेले. आमच्या भावकीत एक आत्या आहेत, नव्वदीला आलेल्या. त्यांनी पणजीला पाहिलंय. मी विचारलं, "आत्या, तिचं नाव काय हो?" त्या बराच वेळ आठवत राहिल्या. म्हणाल्या, "आम्ही थोरली आईच म्हणायचो. नाव कोण घेतंय बाईचं." मी कागदावरचं नाव वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं, मग सुनेला हाक मारली आणि तिलाही म्हणायला लावलं. लॅमिनेट करून भिंतीला लावू म्हणून पुतण्या मागं लागला होता, त्याला मी नको म्हटलं. अशा कागदाला प्लॅस्टिकमधे कोंडू नये. जाड पाकिटात घालून फडताळात वरच्या कप्प्यात ठेवलाय. आमच्या घरात आता कागद खाली ठेवत नाहीत.

निघताना आत्यांनी आणखी एक सांगितलं, थोरल्या आईचं माहेर कागलकडचं. म्हणजे जहागिरीतलं गाव. पुढच्या सोमवारी ते कागद कुठं बघायचे ते विचारायला पुन्हा जाणार आहे.