घरातली ट्रेडमिल नऊ महिन्यांनंतर: सुरक्षा चावीविषयी दुरुस्त केलेले मत

मागच्या जूनमध्ये घेतलेल्या ट्रेडमिलविषयी मी ऑगस्टमध्ये एक छोटा, कौतुकाचा अभिप्राय लिहिला होता. तो आज दुरुस्त करणे मला भाग आहे, कारण फेब्रुवारीतल्या एका रविवारी माझ्या अडीच वर्षांच्या मुलीची दोन बोटे या यंत्राच्या पट्ट्याला लागून सोलली गेली, आणि ज्या सुरक्षा चावीची मी तेव्हा स्तुती केली होती ती चावी त्या क्षणी माझ्या कपाटात, कुलपात होती.

यंत्र नेहमीचेच आहे: सलग दोन अश्वशक्तीची मोटर, घडी घालता येणारा पट्टा, चौतीस हजार रुपये किंमत. बाकी तपशील सर्वांना ठाऊक असतात, म्हणून ते सोडते. घेण्याचे कारण मात्र सांगायला हवे. धाकटीच्या जन्मानंतर माझे वजन ७८ किलोवर थांबले होते. उंची १५८ सेंटीमीटर असल्याने बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ३१ च्या वर जात होता, आणि भारतीयांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा धरतात हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. आम्ही पुण्यात राहतो, तळजाईची टेकडी घरापासून दूर नाही, पण यजमानांच्या पाळ्या बदलत्या, सासूबाईंचे गुडघे दुखरे, आणि माझी बँकेची नोकरी. पहाटे दोन मुलांना झोपलेले सोडून टेकडीवर जाणे आमच्या घरात आठवड्यातून एकदाही जमत नव्हते. घरात चालण्याची सोय झाली तर मुलांजवळ राहून व्यायाम होईल, एवढाच विचार होता.

तो विचार चुकला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवते. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी सुरुवात, ताशी पाच ते साडेपाच किलोमीटर वेग, चाळीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. मार्चमध्ये वजन ७१ किलो भरले. पडद्यावर दिसणाऱ्या कॅलरींवर मात्र कोणी विश्वास ठेवू नये. माझे यंत्र चालणाऱ्याचे वजन विचारतच नाही आणि चाळीस मिनिटांना तीनशेच्या वर आकडा दाखवते. माझ्या हिशेबाने तो दोनशेच्या आसपास असायला हवा. एक किलो चरबीसाठी साधारण ७,७०० कॅलरी धरल्या, तर या चालण्याने महिन्याला अर्ध्या किलोहून थोडे अधिक वजन कमी होते. उरलेले श्रेय रात्रीच्या जेवणातून उतरलेल्या भाताला आणि चार वाजताच्या चहाबरोबरची बिस्किटे बंद होण्याला द्यावे लागेल.

आता चावीविषयी. आत चुंबक असलेला लाल प्लास्टिकचा छोटा तुकडा, त्याला दोरी, दोरीच्या टोकाला कपड्याला लावायचा चिमटा. चालताना तोल गेला की दोरी ओढली जाते, चावी निघते आणि पट्टा थांबतो. वापर झाल्यावर चावी काढून मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी, असे पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापले आहे. मी ते अक्षरशः पाळले. रोज चालून झाले की चावी कपाटात जायची आणि कपाटाला कुलूप लागायचे. चावी नाही तर यंत्र सुरू होणार नाही, या एका गृहीतावर मी हे अवजड यंत्र दोन लहान मुलांच्या घरात, दिवाणखान्यात ठेवले होते.

नोव्हेंबरमध्ये पट्टा घसरू लागला म्हणून कंपनीचा तंत्रज्ञ आला. मी कपाट उघडायला निघाले तेव्हा तो म्हणाला, "ताई, चावी राहू द्या, कुठलाही मॅग्नेट चालतो." त्याने पिशवीतून एक चुंबक काढून चावीच्या जागी टेकवले आणि पट्टा सुरू केला. त्या वेळी मला त्यात सोय दिसली, धोका दिसला नाही. माझा सात वर्षांचा मुलगा शेजारी उभा राहून सगळे पाहत होता, हेही माझ्या लक्षात आले नाही. ही माझी चूक आहे आणि तिची जबाबदारी मी दुसऱ्या कोणावर टाकत नाही.

त्या रविवारी मी स्वयंपाकघरात होते. मुलाने फ्रिजवरचे, गणपतीपुळ्याहून आणलेले शिंपल्याच्या आकाराचे चुंबक काढले, चावीच्या जागी लावले आणि यंत्र सुरू करून थेट ताशी सहा किलोमीटरचे बटण दाबले. धाकटी मागच्या बाजूला होती. ट्रेडमिलचा वरचा पट्टा पुढून मागे सरकतो आणि मागच्या रोलरवरून खाली वळतो. त्यामुळे तिथे ठेवलेला हात खालच्या फटीकडे ओढला जातो. सासूबाईंनी भिंतीवरचे बटण बंद केले म्हणून प्रकरण दोन बोटांवर निभावले. नळाच्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे हात धरला. हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ काहीही लावले नाही, आणि मग बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. घर्षणाने झालेली जखम भाजल्यासारखीच असते, लहान मुलांची त्वचा पातळ असल्याने ती दिसते त्यापेक्षा खोल जाऊ शकते आणि काही मुलांना त्वचारोपण करावे लागते, असे त्यांनी सांगितले. आमच्यावर ती वेळ आली नाही. जखम भरताना त्वचा आखडून बोटे वाकडी राहू नयेत, म्हणून ती पूर्ण सरळ होतात का हे पाहण्यासाठी दोन महिने तपासणी चालू राहील. मुलगा तीन दिवस बहिणीजवळ जायला घाबरत होता. यात तुझा दोष नाही, हे त्याला मी रोज रात्री सांगितले आणि अजूनही सांगते.

तक्रार नोंदवली तेव्हा ग्राहक सेवेकडून उत्तर आले की चावी ही चालणाऱ्याच्या पडण्यापासून संरक्षणासाठी असते, ती कुलूप नव्हे. तांत्रिकदृष्ट्या हे खरे आहे. मग पुस्तिकेत ती मुलांपासून दूर ठेवण्याचा सल्ला कशासाठी छापला आहे, या माझ्या प्रश्नाला तीन दूरध्वनींनंतरही उत्तर मिळाले नाही. मिळाला तो साडेतीन हजारांच्या वार्षिक देखभाल कराराचा प्रस्ताव. पट्ट्याखाली सिलिकॉन तेल सोडणे आणि मागचे दोन स्क्रू पाव पाव फेरा फिरवून पट्टा मधोमध आणणे, एवढे काम मी आता स्वतः करते. त्यासाठी साडेतीन हजार देण्याची माझी तयारी नाही.

इथपर्यंतचा मजकूर लिहून ठेवला होता, आणि तो इथेच संपवणार होते. चार दिवसांनी कंपनीचा दुसरा, अनुभवी तंत्रज्ञ आला. त्याने दोन बटणे एकत्र पाच सेकंद दाबून दाखवली आणि पडद्यावर कुलपाची खूण उमटली. चावी किंवा चुंबक काहीही लावले तरी पट्टा हलेना. ही सोय पहिल्या दिवसापासून यंत्रात होती, पुस्तिकेच्या एकाही पानावर नव्हती. मला आनंद झाला, आणि नऊ महिने हे कोणीही सांगितले नाही याचा संतापही आला. अभिप्राय सौम्य करायचे मी ठरवले. पण पुढच्या गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी दोन तास वीज गेली, आणि ती परत आल्यावर कुलपाची खूण गायब झाली होती. वीज गेली की हे कुलूप उघडते. तेव्हा सौम्य करण्याचा विचार मी सोडून दिला.

हे तंत्र अवघड आहे असे कोणी सांगू नये. अमेरिकेत पेलोटन कंपनीची ट्रेड प्लस ही ट्रेडमिल सहा वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूनंतर, मे २०२१ मध्ये परत मागवली गेली. सुमारे १,२५,००० यंत्रांचा तो प्रश्न होता. त्यानंतर त्या कंपनीने यंत्र सुरू करण्यासाठी चार अंकी संकेतांक आणला. तिथली यंत्रे महाग असतात हे मान्य, पण कळफलक आणि पडदा माझ्या यंत्रालाही आहेत.

सध्याची व्यवस्था अशी आहे. ट्रेडमिलचा सोळा अँपिअरचा जोड आता सहा फूट उंचीवरच्या, कुलूप लागणाऱ्या पेटीतल्या बटणावर चालतो. वायरमनने सामानासह नऊशे रुपये घेतले. यंत्र दिवाणखान्यातून निजायच्या खोलीत नेले आहे. पूर्वी टीव्ही समोर यावा म्हणून त्याची मागची बाजू भिंतीपासून जेमतेम दीड फुटावर होती. पुस्तिकेप्रमाणे मागे दोन मीटर जागा हवी, कारण भिंत जवळ असली तर माणूस पट्टा आणि भिंत यांच्यामध्ये अडकू शकतो. आता तेवढी जागा आहे. चावीची दोरीसुद्धा लोंबकळत ठेवत नाही, ती मुलाच्या गळ्याभोवती येऊ शकते. दार बंद केल्याशिवाय मी चालत नाही. धाकटी लवकर उठली तर त्या दिवशी पट्टा सुरूच होत नाही, आणि संध्याकाळी दोघांना घेऊन बागेत तीन फेऱ्या होतात. अशा दिवसांमुळे वजन उतरण्याचा वेग मंदावला आहे आणि ते मला मान्य आहे.

यंत्र विकणार नाही, कारण माझ्या दिनक्रमात दुसरा व्यायाम बसत नाही. मोटर आणि पट्टा यांना पाचपैकी चार गुण, सुरक्षिततेला शून्य. लहान मुले असलेल्या घरासाठी कोणी ट्रेडमिल घ्यायला जात असेल, तर फ्रिजवरचे एक चुंबक बरोबर न्यावे, विक्रेत्याला चावी काढून घ्यायला सांगावे आणि त्याच्यासमोर ते चुंबक चावीच्या जागी लावून पाहावे. पट्टा सुरू झाला, तर भिंतीवरच्या कुलूपबंद बटणाचा खर्च यंत्राच्या किमतीत धरूनच भाव करावा आणि ते बटण बसेपर्यंत यंत्र खोक्यातून बाहेर काढू नये.