स्टँडवरची स्प्रिंगची झोळी: घरात आणखी दोन पोरं असतील तर

झोळीचा स्टँड घेण्याआधी त्याचे रिव्ह्यू बरेच वाचले. सगळ्यांच्या घरात एकच बाळ. बाळ झोपलं, आई खूश, पाच स्टार. आमच्याकडे बाळाच्या आधी दोघं हजर आहेत. मोठी पहिलीत आहे, मधला चार वर्षांचा. त्यामुळे बाळ झोळीत झोपेल का, हा आमच्यासाठी बिनमहत्त्वाचा प्रश्न होता. मधला झोळीला लोंबकळला तर काय, हा खरा प्रश्न. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांचे पार्ट रिजेक्ट करणं हाच धंदा, तेव्हा नट-बोल्टचं थोडं पुराण होणार, सहन करा.

आम्ही सिडकोत राहतो. बाहेरची खोली दहा बाय बारा. बारशाला लाकडी पाळणा भाड्याने आणला होता, तो नाव ठेवून झाल्यावर लगेच परत धाडला, कारण तो ठेवायचा तर आम्ही गच्चीत झोपायचं. आईचं म्हणणं, कडीला झोळी बांध, स्टँडचे पैसे कशाला घालवतो. आई निफाडकडची. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून बाया येतात, त्या बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून पोर निजवतात आणि ओळीत कामाला लागतात, हे तिने जन्मभर पाहिलेलं. तिचं चूक नाही. पण जुन्या घरांत आढ्याला कडी असायची, आमच्या स्लॅबला नाही. ड्रिल मारून अँकर फास्टनर ठोकता आला असता, पण मग झोळी कायम त्याच जागी. स्टँड उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी नेता येतो, आणि बायको कणीक मळताना पायाने झोका देऊ शकते. माझ्या मते स्टँड घ्यायला एवढं एक कारण पुरे.

घेतला मेन रोडच्या एका बोळातून. दुकानाचं आणि कंपनीचं नाव देत नाही, कारण आसपास जिथे जिथे विचारलं तिथे स्टँड एकाच साच्यातला होता, स्टिकर तेवढं वेगळं. २,४०० सांगितले, बायकोने २,१०० वर आणले. त्यात स्टँड, स्प्रिंग, जाळीची एक झोळी आणि मच्छरदाणी. एवढ्या पैशांत माल वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो.

जोडणी सोपी आहे. दोन्ही बाजूंना इंग्रजी ए अक्षरासारखे पाय, वर आडवा पाईप, पाईपच्या मध्यावर हूक, हुकाला स्प्रिंग, स्प्रिंगला झोळी. कागदावर चित्रं दिलीत, ती न बघताही जमेल. फक्त पोरं झोपल्यावर जोडा. आमच्याकडे मोठीने बोल्ट मोजून ओळीत लावले आणि मधल्याने त्यातला एक आपल्या डंपरमध्ये भरून कॉटखाली नेऊन ओतला. वॉशर तर तोंडात घालण्याच्याच आकाराचे. पावडर कोटिंग बरं आहे. वेल्डिंग दिसायला ओबडधोबड, पण पक्कं. पाईपच्या टोकाची प्लास्टिकची टोपणं मात्र हाताने निघतात, आणि आत पाईपची कड धारदार. फेव्हिक्विक लावून ती कायमची बसवली. हुकाचा नट साधा होता. सतत हलणाऱ्या जागी साधा नट सैल होतो, तिथे नायलॉक नट हवा, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला. हार्डवेअरच्या दुकानात चार-पाच रुपयांना मिळतो. एवढ्या पैशांसाठी कंपनीने का हात आखडता घेतला, देव जाणे.

आता स्प्रिंग. खोक्यावर लिहिलंय, क्षमता २० किलो. दुकानदारही म्हणाला, "साहेब, बाळ वीस किलोचं होईपर्यंत शाळेत जाईल." बाळापुरतं बरोबर आहे. आमचं बाळ जन्माला आलं तेव्हा २.८ किलोचं होतं, आता साडेसहा आहे. पण मधला १४ किलोचा. तो झोळीची कड धरून पाय वर घेतो, तेव्हा साडेसहा अधिक चौदा, म्हणजे साडेवीस. संपली क्षमता. शिवाय हे शांत लटकण्याचं वजन झालं. भार एकदम टाकला की स्प्रिंगवर त्याच्या निदान दुप्पट ताण येतो, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात, आणि मधला कुठलीच गोष्ट हळू करत नाही. स्प्रिंग लगेच तुटणार नाही. ती आधी ताणून बसते, म्हणजे भार काढला तरी पूर्वीच्या लांबीला येत नाही. वेटोळ्यांमध्ये रिकाम्या झोळीलाही फट दिसायला लागली की समजायचं, ही गेली.

म्हणून घेताना एकच गोष्ट नीट बघा. स्प्रिंगच्या आतून किंवा बाजूने नायलॉनचा दोर किंवा साखळी आहे का? स्प्रिंग तुटलीच तर झोळी त्या दोरावर तोलली जावी, म्हणून तो असतो. आमच्यात होता, पण एवढा लांब की स्प्रिंग तुटली असती तर दोर ताणला जाण्याआधीच बाळाची पाठ फरशीला टेकली असती. मी पाच किलोचं पिठाचं पाकीट झोळीत ठेवून मोजलं आणि दोराची गाठ वर घेतली. बायको म्हणाली, पिठाला जोजवायचं राहिलं. असो.

वजन वाढलं की स्प्रिंगची चालही बदलते. बाळ लहान असताना झोके तोकडे आणि भराभर बसतात, वजन वाढेल तसे संथ होतात. वजन चौपट झालं तर लय निम्म्यावर येते. आपल्या हातात काही नसतं, गणितच तसं आहे. त्यामुळे पहिल्या दोन-तीन महिन्यांत, बाळाची मान धरलेली नसताना, ही स्प्रिंग मला अजिबात आवडली नाही. तेव्हा आम्ही वर-खाली झोका बंदच ठेवला होता, फक्त बाजूला हलका झोका. मान धरल्यावर मात्र हीच स्प्रिंग कामाची ठरली. चौदाव्या आठवड्याच्या लसीनंतर बाळ रात्रभर किरकिर करत होतं, तेव्हा कडेवर घेऊन आमचे खांदे गेले होते. मग झोळीत ठेवून आळीपाळीने बसलो.

स्टँडचा खरा दोष पायात आहे. लांबीच्या बाजूने तो हलत नाही. पण रुंदी कमी, त्यामुळे झोळी आडवी ओढली की पलीकडचे पाय उचलले जातात. मोठ्या माणसाच्या हातून हे होत नाही. चार वर्षांच्या मुलाच्या हातून होतं, कारण तो झोका देत नाही, झोळी ओढून नेतो आणि सोडतो. बाळ आत नसताना मी त्याला मुद्दाम करू दिलं, बघायला. स्टँड डुगडुगला, पडला नाही, पण मला पुरेसं कळलं. आता स्टँड कोपऱ्यात असतो, दोन बाजूंना भिंत, आणि खालच्या पाईपवर वाळू भरलेल्या दोन पिशव्या बांधल्यात. स्वयंपाकघराच्या दाराशी नेताना पिशव्या सोडाव्या लागतात, एवढा त्रास. पाय चार-सहा इंच जास्त फाकवले असते तर वाळू लागलीच नसती.

इथवर सामानाचं झालं. पण ज्यांच्या घरी दुसरं-तिसरं येणार आहे त्यांना माणसांचं सांगायला हवं. झोळी घरात आल्यावर मधल्याने पहिली मागणी केली ती स्वतः आत बसण्याची. बाळ आलं तेव्हा तो काही बोलला नव्हता. झोळी आली आणि त्याचा बांध फुटला. "मी पण बाळच आहे," म्हणून फरशीवर आडवा. बायकोने त्याला ओरडलं नाही. जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्यांमध्ये तिची ओढणी बांधली आणि त्यात त्याचं अस्वल ठेवलं. आता दुपारी दोन झोळ्या चालतात. तो अस्वलाला दटावतो, "गप झोप, पप्पा नाइटवरून आलेत." हे वाक्य त्याने कुठून उचललं ते सांगायला नको.

झोका देण्याची पाळी हा आमच्याकडे रोजचा तंटा आहे. मोठी म्हणते मी मोठी म्हणून मी, मधला म्हणतो तू शाळेत जातेस म्हणून मी. तोडगा आईने काढला. झोळीच्या खालच्या कोपऱ्याला हातभर सुती नाडी बांधली. झोका फक्त नाडीने द्यायचा, कापडाला हात लावायचा नाही. नाडी ओढायला खाली बसावं लागतं, आणि बसलेलं पोर लोंबकळत नाही. मी वाळूच्या पिशव्या आणि नायलॉक नटवर डोकं चालवत होतो, तिने एका नाडीत अर्धा प्रश्न सोडवला. ओढून झालं की नाडी वर गुंडाळून ठेवायची, बाळाच्या हातापर्यंत पोहोचता कामा नये, एवढं सांभाळा. आणि मोठं माणूस खोलीत नसेल तर नाडीही नाही.

मधला झोका देताना अंगाई म्हणत नाही. सकाळी येणाऱ्या घंटागाडीवर जे लागतं ते म्हणतो, ओला कचरा, सुका कचरा, सगळं सुरात. बाळ त्यावरच झोपतं. मोठीची शाळेतली गाणी चालत नाहीत, यावरून ती रडली आहे.

सोबत आलेली जाळीची झोळी नायलॉनची आहे. थंडीत तीत गार वारा खालून लागतो, आणि नाशिकची डिसेंबर-जानेवारीची पहाट माहीत असलेल्याला अधिक सांगायला नको. उन्हाळ्यात तिच्यात घाम मुरत नाही, मानेला पुरळ येतं. आम्ही ती काढून ठेवली. आईने तिचं जुनं सुती नऊवार काढून दिलं, ते दुहेरी करून शिंप्याकडून बाजूच्या दांडीसाठी नेफे शिवून घेतले. दोन करून घ्या, एक अंगावर एक दांडीवर. पावसाळ्यात एक धुतलं की दोन दिवस वाळत नाही. मच्छरदाणी मात्र चांगली आहे, चेन दोन्ही बाजूंनी उघडते. मधल्याला चेनचा शोध लागेपर्यंत आणखी चांगली होती.

रात्रीचं काय, असं बरेच जण विचारतात. आमच्या डॉक्टर बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं: रात्रीची झोप सपाट, कडक गादीवर, पाठीवर, आजूबाजूला उशी-गोधडीचा ढीग नको. झोळीत बाळ वाकतं, हनुवटी छातीला टेकते, तान्ह्या बाळाचा श्वास त्याने अडू शकतो. म्हणून लसीची ती रात्र सोडली तर झोळी आमच्याकडे दिवसा, कोणी तरी डोळ्यांसमोर असताना, आणि डोळा लागला की उचलून गादीवर. उचलताना निम्म्या वेळा बाळ जागं होतं, हेही लिहून ठेवतो. खोक्यावर गाढ झोपलेल्या बाळाचा फोटो आहे, त्याला भुलू नका.

शेजारी विजेवर चालणारी झोळी आहे. मोटर आपोआप झोका देते, पाण्याच्या आवाजाचं बटण आहे. किंमत आमच्या तिप्पट. आमच्याकडे शनिवारी लाइट जाते. शिवाय मोटरला पाळी लावून देता येत नाही, आणि पाळी नसती तर ही दोघं दुपारभर दुसरं काहीतरी मोडत बसली असती.

मग घ्यावी का? घरात एकच बाळ असेल, जागा कमी असेल, तर डोळे झाकून घ्या, नट तेवढा बदला. वर दोन ते सहा वयातलं भावंड असेल तर कोपरा, वाळू, नाडी आणि दोराची गाठ एवढी तयारी असल्याशिवाय घेऊ नका. बाळ पालथं पडून हातांवर उठायला लागलं की झोळी बंद, मग क्षमता कितीही लिहिलेली असो. आमचं बाळ आता तिथवर आलंच आहे. महिनाभरात स्टँड रिकामा होईल. बहिणीला सातवा लागलाय, तिने आत्ताच सांगून ठेवलंय. तिला स्टँड देणार, कापडं देणार. स्प्रिंग देणार नाही. मधल्याने ती स्प्रिंग किती वेळा ताणलीय हे मला माहीत आहे, नवीन साडेतीनशेला मिळते.