एमजी/डीएल, मिलिमोल, टक्के की मिलीइक्विव्हॅलंट: कोणतं युनिट धरायचं?

लोक म्हणतात काय फरक पडतो, कन्व्हर्टर आहे ना. फरक पडतो, कारण मिलिग्रॅम म्हणजे वजन आणि मिलिमोल म्हणजे रेणूंची मोजदाद, आणि एकातून दुसऱ्यात जाताना मधे त्या पदार्थाचं मोलर मास (एक मोल, म्हणजे रेणूंचा ठरलेला गठ्ठा, किती ग्रॅम भरतो ते) येतं, त्यामुळे सगळीकडे चालेल असा एकच आकडा नाहीच. रक्तातल्या ग्लुकोजचे एमजी/डीएल (100 मिलिलिटरला किती मिलिग्रॅम) 18 ने भागले की मिलिमोल/लिटर मिळतात, म्हणजे 126 चे झाले 7. तोच 18 सवयीने कोलेस्टेरॉलला लावला तर 200 चे 11 दिसतील, खरं उत्तर 5.2 आहे कारण तिथे 38.67 ने भागायचं असतं. क्रिएटिनिनचं तर उलटंच, 88.4 ने गुणायचं आणि उत्तर मायक्रोमोलमधे येतं.

मग निवडायचं काय? तराजूवर वजन करायचंय किंवा औषधाचा डोस काढायचाय तर मिलिग्रॅमच बरं, उगाच मोलमधे शिरू नका. पण दोन पदार्थ एकमेकांशी ताडायचे असतील, रिअॅक्शन असेल, तर मिलिमोलला तोड नाही. ऑस्मोलॅलिटीचा (रक्तात विरघळलेल्या कणांची एकूण दाटी) फॉर्म्युला बघा, सोडियमची दुप्पट अधिक ग्लुकोज भागिले 18 अधिक बीयूएन (ब्लड युरिया नायट्रोजन) भागिले 2.8, पोरं हा पाठ करतात पण 18 आणि 2.8 हे नुसते कन्व्हर्शनचे आकडे आहेत, सगळं मिलिमोलमधे असेल तर सोडियमची दुप्पट तेवढी ठेवून सरळ बेरीज होते. (2.8 का, तर बीयूएनमधे फक्त युरियातला नायट्रोजन मोजतात, अख्खा युरिया नाही. रिपोर्टवर दोन्हीपैकी काय लिहिलंय ते आधी बघा, युरियाचा आकडा बीयूएनच्या 2.14 पट असतो.)

मिलीइक्विव्हॅलंट म्हणजे मिलिमोल गुणिले आयनवरचा चार्ज, म्हणून सोडियम-पोटॅशियमला ते मिलिमोलइतकंच, कॅल्शियमला मात्र दुप्पट, कारण त्याच्यावर दोन चार्ज. केमिस्ट्रीत याचाच भाऊ म्हणजे नॉर्मॅलिटी (लिटरला किती इक्विव्हॅलंट), आणि तो मला अजिबात आवडत नाही, कारण आकडा रिअॅक्शनमधे किती इलेक्ट्रॉन घेतले-दिले यावर बदलतो: परमँगनेटचं तेच 1 मोलर सोल्युशन अॅसिडमधे 5 नॉर्मल आणि न्यूट्रलमधे 3 नॉर्मल, म्हणजे बाटलीवर लिहायचं तरी काय! मोलॅरिटी (लिटरला किती मोल) लिहा आणि मोकळे व्हा.

टक्के दिसायला सोपे असतात पण कशाचे टक्के ते सांगत नाहीत. 0.9 टक्के सलाइनमधे 100 मिलिलिटरला 0.9 ग्रॅम मीठ, म्हणजे लिटरला 9 ग्रॅम, 154 मिलिमोल. आणि 37 टक्के हायड्रोक्लोरिक अॅसिड मात्र वजनाला वजन, त्यामुळे डेन्सिटी (साधारण 1.18) घेतल्याशिवाय ते 12 मोलर आहे हे कळतच नाही. सगळ्यात धोक्याचं म्हणजे गुणोत्तर: अॅड्रेनालिन 1:1000 म्हणजे मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम आणि 1:10000 म्हणजे 0.1, एक शून्य नजरेतून सुटलं की डोस दहापट चुकला. इथे मिलिग्रॅम/मिलिलिटरच लिहा, दुसरा विचारच नको.

काही ठिकाणी भागाकार-गुणाकार पुरत नाही. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी टेस्ट) 6.5 टक्के म्हणजे 48 मिलिमोल/मोल, पण त्यासाठी आधी 2.15 वजा करून मग 10.93 ने गुणावं लागतं. आणि लायपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) मधे तर ते कणच माणसागणिक लहानमोठे असतात त्यामुळे एमजीचे नॅनोमोल करणारा पक्का फॅक्टर नाहीच, लॅबने ज्या युनिटमधे दिलंय त्यातच ठेवा आणि पुढची टेस्टही त्याच युनिटमधे करून घ्या.