जहाजात शिरायची रील: काही महिन्यांच्या वापरानंतर

बुडालेल्या जहाजात शिरताना परतीच्या वाटेसाठी मागे सोडायची दोरी ज्या चाकावर गुंडाळतात, ती ही डायव्हिंगची रील. घेताना उघडी चौकट आणि मोठी मूठ एवढंच पाहिलं होतं. तिच्यावर 45 मीटर विणलेली नायलॉनची दोरी आहे. बुडालेल्या जहाजात शिरताना कुठलीही रील बरी चालते, दोरी आपसूक सुटत जाते. खरा कस लागतो परतताना. बडी (डाइव्हमधला जोडीदार) पुढे निघालेला, एका हातात टॉर्च, आणि ताण न सोडता दोरी गुंडाळत यायची. इथे उघडी चौकट कामाला आली. चाकावरून घसरलेला वेढा लगेच दिसतो, हातमोजे न काढता बोटाने सोडवता येतो.

तक्रार एकच. दोरी काठोकाठ भरून येते, त्यामुळे गुंडाळणं जरा सैल पडलं की वेढे बाहेर. थोडी कापून टाकली, प्रश्न मिटला.

इतकी दोरी लागतेही कुठे? हौशी डायव्हिंगमध्ये खोली आणि आत गेलेलं अंतर मिळून 40 मीटरच्या आत, तेही बाहेरचा उजेड दिसेल तिथवरच, असं शिकवतात. म्हणजे 25 मीटर खोलीवर आत जेमतेम 15 मीटर. मोठ्या रीलचा सोस कशाला, कळत नाही.

पहिली गाठ बाहेर, जिथून सरळ वर जाता येईल अशा मोकळ्या पाण्यात. दुसरी दारातून आत येताच. पुढे प्रत्येक वळणावर वेढा, दोरी एकाच बाजूने आणि ताठ. वेढा घालण्याआधी मी मोज्याची बोटं त्या कडेवरून फिरवतो. गंजलेल्या पत्र्याची धार नायलॉन सहज कापते, म्हणून शक्यतो गोल पाइप बघायचा, आणि तोही आधी ओढून. गंजलेला पाइप कधी हातातच येतो. आधीच्या कुणाच्या जुन्या दोऱ्या आत लोंबत असतात, त्यांच्यावर विसंबायचं नाही.

होकायंत्रावर तर लोखंडी जहाजात भिस्त ठेवूच नये. शिवाय जहाज आडवं असेल तर डोळेही फसतात. सायप्रसमध्ये लार्नाकाजवळ 1980 मध्ये बुडालेली झेनोबिया ही फेरी डाव्या कुशीवर पडलेली आहे. अशा ठिकाणी भिंत पायाखाली येते आणि दारं डोक्यावर. त्यात फिनचा (पायातल्या वल्ह्याचा) एक फटका गाळाला बसला, किंवा आपलेच बुडबुडे छताला लागून गंज झडला, की टॉर्चचा झोतही दिसेनासा होतो. मग दोरीभोवती अंगठा आणि तर्जनीचं सैल कडं करून, ती न ओढता सरकत यायचं. म्हणून ताठ दोरी हवी. ढिली दोरी तेव्हा अंगाभोवतीच गुंडाळते.

टाकीचा हिशोब रील करून देत नाही. एक तृतीयांश हवा संपली की परत फिरायचं, दोरी कितीही उरलेली असो.

देखभाल सोपी: गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, दोरी पूर्ण उलगडून सावलीत वाळवा, नाहीतर आसात मीठ धरतं. आत शिरायचं प्रशिक्षण झालं नसेल तर मात्र ही घेऊ नका. पाण्यावर खुणेसाठी तरंगता बॉय (फुगा) वर सोडायला साधा फिंगर स्पूल, म्हणजे बिनमुठीचं छोटं दोरीचं रीळ, पुरतो.