बोल्गाची टोपली: वीण पक्की, चिठ्ठी अर्धवट

टोरांटोत आमच्या भागातल्या फेअर ट्रेड दुकानातून, म्हणजे कारागिराला रास्त मोबदला देऊन आणलेला माल विकणाऱ्या दुकानातून, घानातल्या बोल्गाटांगा (थोडक्यात बोल्गा) शहराकडची मोठी गवती टोपली घेतली, ५८ डॉलरला. नवरा म्हणाला, "एवढ्यात कापडी पिशव्यांचा गठ्ठा आला असता." आला असता की, पण पिशवीत टोमॅटो चेंगरतात.

हातात आली तेव्हा टोपली पापडासारखी चपटी. दुकानातल्या बाईंनी सांगितलं तशी पाण्यात भिजवली, हाताने फुगवली, आत डबा ठेवून वाळवली आणि सकाळी छान गोल झाली! टोपल्या चपट्या केल्या की एका खोक्यात कितीतरी जास्त मावतात. एवढ्या लांबून यायचं तर जहाजाचं भाडं असंच वाचवावं लागणार.

वीण फारच घट्ट आहे. बोल्गाटांगाच्या बायका गवताची प्रत्येक काडी उभी चिरतात, पिळतात आणि मग विणतात. चार लिटर दुधाच्या पिशव्या, कोबी, बटाटे एवढं घालूनही बूड ढळत नाही. कडीला मात्र कातडं गुंडाळलेलं. त्याचा वास जाईपर्यंत टोपली बाल्कनीत ठेवावी लागली. देवाच्या फुलांसाठी अर्थातच नको. बिनकातड्याच्याही मिळतात, विचारून घ्या.

आता पैशांचं. बोल्गाटांगा घानाच्या पार उत्तरेला, बुर्किना फासोच्या सीमेजवळ आहे, आणि गवत बरंचसं दक्षिणेतून, अशांती भागातून विकत आणावं लागतं. म्हणजे विणायच्या आधीच पदरचे पैसे घालायचे. तिथल्या बाजारात टोपली घेऊन बसलं तर व्यापारी देईल तो भाव. परदेशी ऑर्डरीत माप आणि रंग आधी ठरतात. शिवाय फेअर ट्रेडच्या जागतिक संघटनेचा नियम आहे की हस्तकलेच्या ऑर्डरीवर, कारागिराने मागितल्यास, निदान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची. मला ५८ डॉलर पटले ते या आगाऊ रकमेमुळे. बाहेरची बाजारपेठ मिळवून देतो असं म्हणणारे पुष्कळ असतात, गवताला पैसे कोण देतं ते बघावं.

टोपलीला विणणारीच्या नावाची चिठ्ठी आहे. तिला किती मिळाले, ते चिठ्ठीवर नाही. दुकानात विचारलं तर हसून माहितीपत्रक दिलं, त्यातही आकडा नाही. नाव छापता, मग रक्कमही छापा ना! एक तारा त्यासाठी कापला.

पाचपैकी चार. घेणार असाल तर मोठीच घ्या, मधल्या मापात मेथीच्या दोन जुड्या टाकल्या की टोपली भरली.