लीचेसवरील कोडी आणि मॉर्फीचा एक डाव

मुलुंडहून सीएसएमटीला जाणाऱ्या धीम्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, तर हाती जवळजवळ तासभर येतो. गेले वर्षभर तो वेळ मी लीचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरील कोडी सोडवण्यात घालवला, आणि रविवारी सकाळी त्याच सेवेच्या मदतीने माझ्या अकरा वर्षांच्या भाचीबरोबर जुने गाजलेले डाव पाहिले. मुलांना आणि उशिरा खेळाकडे वळलेल्या मोठ्यांना बुद्धिबळाची गोडी लागावी यासाठी ही सेवा कितपत उपयोगी पडते, ते या अनुभवावरून लिहीत आहे.

थिबो ड्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० मध्ये लीचेस सुरू केले. ते पूर्णपणे मोफत आहे, त्यावर जाहिराती नाहीत आणि त्याचा खर्च देणग्यांवर चालतो. देणगी देणाऱ्याला नावापुढे एक चिन्ह मिळते, पण त्याच्यासाठी वेगळी कोडी किंवा जादा सोयी राखून ठेवलेल्या नाहीत. ज्या घरात मुलाच्या शिकवणीचा खर्च मोजूनमापून करावा लागतो, त्या घरासाठी ही बाब लहान नाही.

येथील कोड्यांची संख्या ४० लाखांहून अधिक आहे, परंतु मला त्या संख्येपेक्षा त्यांचा उगम महत्त्वाचा वाटतो. ही कोडी कोणी टेबलाशी बसून रचलेली नाहीत. लोकांनी प्रत्यक्ष खेळलेल्या डावांतून संगणकाने ती वेचून काढलेली आहेत. कोडे उघडले की आधी प्रतिस्पर्ध्याची चाल पटावर होते, मग आपली पाळी येते. कोडे सुटल्यावर ते ज्या डावातून घेतले तो संपूर्ण डाव उघडता येतो, आणि हा दुवा बहुतेक लोक न उघडताच पुढच्या कोड्याकडे जातात याचे मला वाईट वाटते, कारण ती संधी पटावर कशी निर्माण झाली, कोणते प्यादे घाईने पुढे गेले, कोणता घोडा राजाला उघडे टाकून दूर गेला, हे तेथेच कळते. मोबाइलच्या ॲपमध्ये काही कोडी आधीच उतरवून ठेवलेली असल्यामुळे मध्येच नेटवर्क गेले तरी काम अडत नाही.

कोडी विषयवार निवडता येतात: घोड्याने एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर केलेला हल्ला, राजासमोरून हलू न शकणारे मोहरे, स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजावर घोड्याने केलेली मात, प्याद्यांचे अंत्यडाव. नवशिक्याने आरंभी महिनाभर असेच एकेक विषय घ्यावेत. त्यानंतर मात्र मिश्र कोड्यांकडे वळणे आवश्यक आहे, कारण विषय आधीच ठाऊक असला की अर्धे उत्तर हातात येते आणि नजर फक्त घोडा शोधू लागते. तीन मिनिटांत शक्य तितकी कोडी सोडवण्याचा जो प्रकार आहे, तो मुलांना फार आवडतो. मी तो भाचीला आठवड्यातून एकदाच खेळू देतो. त्यात हात मनाच्या पुढे धावतो आणि अंदाजाने चाल करून पाहण्याची सवय लागते, जी खऱ्या पटावर लगेच महागात पडते.

कोड्यांची एक मर्यादा कोणत्याही सेवेला टाळता येणार नाही. येथे काहीतरी दडलेले आहे, हे कोडे आपल्याला आधीच सांगून टाकते. डाव चालू असताना तसे कोणी सांगत नाही. भाची पूर्वी ज्या वर्गाला जात होती, तेथे दर आठवड्याला मुलांना केवळ कोड्यांचे कागद वाटले जात. ती दोन चालींतील मात झटपट शोधू लागली, पण स्वतःच्या डावात दहाव्या चालीनंतर काय करावे हे तिला सुचत नसे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून माझ्या ओळखीतले अनेक पालक वर्गांची चौकशी करताना दिसतात. त्यांनी शुल्काबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा: वर्गात मुलांना संपूर्ण डाव दाखवला जातो का?

या ठिकाणी लीचेसचा ‘स्टडी’ हा विभाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. कोणताही डाव तेथे भरता येतो, चालींवर टिपणे लिहिता येतात, आणि पुढच्या चाली झाकून ठेवण्याची सोय असल्यामुळे प्रत्येक चालीपाशी थांबून ‘आता तू काय खेळशील?’ असे विचारता येते. म्हणजे अवघा डावच कोड्यांची माळ होतो.

आम्ही सुरुवात केली ती एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी याच्या १८५८ मधील पॅरिसच्या डावाने. ऑपेरागृहात ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर हे दोघे मिळून त्याच्याविरुद्ध खेळत होते. मॉर्फीची मोहरी पांढरी होती. सातव्या चालीला त्याने वजीर बी-३ या घरावर आणला आणि एकाच वेळी एफ-७ व बी-७ या घरांवर दबाव टाकला. पुढे बी-७ चे प्यादे फुकट मिळत होते, आणि भाचीने अर्थातच तेच घेतले. पण ते घेतल्यास काळ्याला शह देऊन वजिरावजिरी, म्हणजे दोन्ही वजिरांची मारामारी, करता येते व डावातला जोर ओसरतो. मॉर्फीने प्यादे सोडले आणि घोडा बाहेर काढला. त्यानंतर त्याने घोडा दिला, हत्ती दिला आणि सोळाव्या चालीला बी-८ वर वजीरही दिला. सतराव्या चालीला उरलेल्या एका हत्तीने, उंटाच्या आधाराने, डी-८ वर मात झाली. वजिराच्या बलिदानाची ती स्थिती एकटी पाहिली तर ती दोन चालींचे एक देखणे कोडे आहे. सुरुवातीपासून पाहिली, तर सोडलेल्या त्या प्याद्यातच तिचे बीज सापडते.

कोणती चाल किती चांगली हे सांगणारे संगणकाचे मूल्यमापन मात्र पहिल्या वाचनात बंद ठेवावे. जर्मन खेळाडू अँडरसनने १८५१ मध्ये लंडनला कीझरिट्स्कीविरुद्ध दोन्ही हत्ती, एक उंट आणि वजीर देऊन जिंकलेल्या ‘अमर डावा’त संगणक अठराव्या चालीवर बोट ठेवतो, आणि त्याचे म्हणणे खरेही आहे, परंतु अकरा वर्षांच्या मुलीने आधी त्या धाडसाने थक्क व्हावे आणि चूक नंतर शोधावी, असे मला मनापासून वाटते. पुढे विश्वविजेता झालेल्या बॉबी फिशरने तेराव्या वर्षी, १९५६ मध्ये, डोनाल्ड बर्नविरुद्ध सतराव्या चालीला वजीर मारू दिला, तो डाव आम्ही तीन रविवार पुरवून पाहिला.

लीचेस पडद्यावर सर्व काही दाखवते, तरीही माझा आग्रह असा की शेजारी लाकडी पट मांडावा आणि प्रत्येक चाल हाताने करावी. मॉर्फीचा डाव तसा मांडून झाल्यावर भाची बराच वेळ पटाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “मामा, काळ्याचा हा उंट आणि हा हत्ती शेवटपर्यंत जागचे हललेच नाहीत.” त्यानंतरच्या रविवारी आमच्या डावात तिने दोन्ही घोडे व उंट बाहेर काढले, आठव्या चालीला किल्लेकोट केला, आणि मी मुद्दाम पुढे ठेवलेल्या प्याद्याला हात लावला नाही.