एअर प्युरिफायर, सात महिने: सासूबाईंच्या दम्यासाठी घेतला होता

गेल्या ऑक्टोबरात सासूबाईंच्या दम्यानं उचल खाल्ली. पहाटे चारला उशी पोटाशी धरून उठून बसायच्या. आमचं घर सांगलीत माधवनगर रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, मागे उसाचं रान. डॉक्टरांनी विचारलं, "घरात धूर कशाचा होतो?" मी ठामपणे म्हणाले, कशाचाच नाही.

साडेअकरा हजारांचा प्युरिफायर आणला, सोबत पीएम २.५ मोजणारा हातातला मीटर. कुणी घेणार असाल तर मीटर आधी घ्या. यंत्रावरचा हिरवा दिवा फक्त यंत्राजवळची हवा सांगतो. पीएम २.५ म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ते नाकात अडत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात, त्यातले अगदी बारीक रक्तातही उतरतात. म्हणून हृदयालाही त्रास. आपल्याकडे चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५.

पहिल्याच आठवड्यात मला स्वतःचंच उत्तर गिळावं लागलं. मिरचीची फोडणी घातली की स्वयंपाकघरात आकडा ३०० च्या वर. उदबत्ती लावल्यावर अर्ध्या तासात २५ चा १८०, आणि देवघराला लागूनच सासूबाईंची खोली. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांच्या पलंगाखाली रात्रभर डासांची कॉइल जळायची, ती मीच लावत होते. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. आता मच्छरदाणी आहे. उदबत्ती अंगणात तुळशीपाशी लागते, आत तुपाचं निरांजन. मी हट्ट केला नाही, आकडा त्यांनी स्वतः वाचला.

यंत्राचं काम चोख आहे, पण एका बंद खोलीपुरतं. अकरा बाय बाराच्या खोलीत ९० चा आकडा अर्ध्या तासात १५ वर येतो; दार उघडं राहिलं की ५० च्या खाली जातच नाही. हॉलमध्ये ठेवून घरभर हवा शुद्ध होईल ही आशा सोडा. पूर्ण वेगावर आवाजानं झोप येत नाही, म्हणून झोपण्याआधी तासभर पूर्ण वेग, मग दोन नंबर. आयोनायझरचं, म्हणजे हवेत विद्युतभारित कण सोडणाऱ्या सोयीचं, बटण आम्ही बंदच ठेवतो. त्यातून ओझोन वायू निघू शकतो आणि दमेकऱ्याला तो बाधतो.

खोली सतत बंद ठेवली तर कोंदट होते, तेव्हा खिडक्या कधी उघडायच्या हेही मीटरनंच शिकवलं. हिवाळ्यात संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत बाहेर वाईट, दुपारी एक ते चार बरं. थंड हवा जमिनीलगत बसते, वर उबदार थराचं झाकण. पाचटाचा (उसाच्या वाळक्या पाल्याचा), कचऱ्याचा, गाड्यांचा धूर वर जातच नाही. हवा मर्यादेपेक्षा वाईट असलेल्या शहरांसाठी केंद्रानं आखलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सांगलीचं नाव आहे, हे मला आत्ता कळलं. डिसेंबरात धुक्याच्या सकाळी मात्र मीटरवर विसंबू नका. लेझरला पाण्याचा थेंबही धुळीच्या कणासारखाच दिसतो.

तक्रार एकच, पण मोठी. साडेचार महिन्यांत फिल्टर काळा ठिक्कर पडला. नवा २,४०० रुपयांना, आणि यायला तीन आठवडे लागले. तोवर फोनवरच्या माणसानं "धुऊन वापरा" सांगितलं. हेपा फिल्टर, म्हणजे बारीक कण अडवणारा घड्यांचा फिल्टर, धुवायचा नसतो, त्याचा कागद खराब होतो. धुता येते ती फक्त पुढची जाळी. एक फिल्टर आधीच घेऊन ठेवा.

पूर्वी आठवड्यात चार-पाच रात्री धाप लागल्यावर घ्यायचा पंप लागायचा, फेब्रुवारीत जेमतेम एक. सगळं श्रेय यंत्राला देणार नाही: कॉइल बंद झाली, आणि दमा उसळू नये म्हणून घ्यायचा रोजचा वेगळा पंपही त्या आता चुकवत नाहीत. मार्चमध्ये मागच्या रानात पाचट पेटलं, त्या दिवशी त्या संध्याकाळभर कट्ट्यावर बसल्या होत्या; रात्री खोलीत आकडा ३० असूनही खोकल्याची उबळ थांबेना.

जुना फिल्टर मी पिशवीत बांधून ठेवला होता. रान कसणारे अण्णा परवा आले, तेव्हा त्यांना दाखवला. बराच वेळ उलटापालटा करून बघत राहिले. म्हणाले, "यंदा पाचट पेटवत नाही वहिनी, कुट्टी करून सरीतच ठेवतो."